घसरल्यानंतरची सकाळ : व्यसनमुक्तीचे मराठी लेखन आणि अध्यात्माची कसोटी

व्यसनमुक्ती आणि अध्यात्म यांचे नाते मराठी माणसाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. ‘त्याने माळ घातली’ एवढे म्हटले की त्याने दारू आणि मांसाहार सोडला, हे ऐकणाऱ्याला कळते. नाते असे भाषेतच मुरलेले असल्यामुळे ते तपासून पाहण्याची गरज मात्र आपल्याला फारशी वाटलेली नाही. अध्यात्माने दारू सुटते, असे एक पक्ष म्हणतो. हे सगळे मनाचे खेळ आहेत, असे दुसरा म्हणतो. दोघेही पुरावा म्हणून ज्याची दारू सुटली त्याच्याकडे बोट दाखवतात. ज्याची सुटली आणि पुन्हा लागली, तो या वादात कुठेच नसतो.

प्रत्यक्षात तोच नेहमीचा रुग्ण आहे. व्यसन हा पुनःपुन्हा उलटणारा आजार आहे, आणि सोडण्याच्या प्रवासात एकदा किंवा अनेकदा घसरणे हा अपवाद नाही, हे या क्षेत्रात काम करणारे सगळेच सांगतात. म्हणून अध्यात्माची परीक्षा शपथ घेतानाच्या क्षणी करून भागणार नाही. ती घसरल्यानंतरच्या सकाळी करायला हवी. रात्री प्यायलेला माणूस सकाळी जागा होतो, तेव्हा त्याची श्रद्धा, त्याचे ध्यान, त्याचा गुरू किंवा त्याचा गट त्याला नेमके काय सांगतो? परत येण्याची वाट दाखवतो की ती बंद करतो? मराठीतील काही लेखन आणि काही परंपरा या एका प्रश्नाच्या उजेडात वाचून पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

सुधाकरची शपथ

सुरुवात राम गणेश गडकऱ्यांपासूनच करावी लागते. ‘एकच प्याला’ १९१९ साली गंधर्व नाटक मंडळीने बडोद्याला रंगभूमीवर आणले, तेव्हा गडकऱ्यांचे निधन होऊन महिनाही झाला नव्हता. शंभर वर्षांहून अधिक काळ हे नाटक ‘दारूचे दुष्परिणाम’ या चौकटीत वाचले गेले. ते चुकीचे नाही, पण त्यात नाटकातला सर्वांत महत्त्वाचा प्रसंग झाकला जातो. सुधाकर दारू सोडतो, हा तो प्रसंग.

वकिलीची सनद काही काळासाठी गेल्याचा अपमान विसरायला तळीरामाच्या हातून घेतलेला पहिला प्याला सगळ्यांना आठवतो. पुढे त्याला पश्चात्ताप होतो, तो सिंधूला वचन देतो आणि उपजीविकेसाठी जुन्या ओळखीच्या प्रतिष्ठित माणसांकडे जातो. तिथे त्याची संभावना दारुडा म्हणूनच होते. तो परत प्याल्याकडे वळतो, आणि या वेळी त्याला थांबवणारे काहीही उरत नाही. पहिल्या प्याल्यापेक्षा हा दुसरा पहिला प्याला जास्त भयंकर आहे. मूल जाते, सिंधू जाते, आणि शेवटी तो स्वतःही दारूत विष कालवून जातो.

सुधाकर मूर्ख नाही. मद्यपी माणूस पायरीपायरीने कसा खाली जातो, याचे जे विवेचन तो रामलालसमोर करतो, ते आजच्या समुपदेशकालाही मान्य व्हावे इतके नेमके आहे. त्याला आपल्या रोगाचे पूर्ण ज्ञान आहे. पश्चात्ताप खरा आहे आणि पत्नीवर प्रेमही आहे. एवढे असूनही तो वाचत नाही. गडकऱ्यांनी इथे आपल्या लाडक्या समजुतीला धक्का दिला आहे. समज, पश्चात्ताप आणि शपथ ही तिन्ही असली की माणूस सुटतो, असे आपण मानतो. सुधाकरजवळ तिन्ही होती. मोडलेल्या शपथेचे पुढे काय करायचे, हे मात्र त्याला कुणी सांगितलेले नव्हते.

याच नाटकात दारू सुटलेला एक माणूस आहे, आणि समीक्षकांनी त्याच्याकडे या दृष्टीने क्वचितच पाहिले आहे. तो म्हणजे भगीरथ. प्रेमभंगातून पिऊ लागलेला भगीरथ रामलालच्या बोलण्याने सावरतो. पण केवळ उपदेशाने नाही. त्याला रामलालची सोबत मिळते, करायला लोकसेवेचे काम मिळते आणि मानाने वागवणारी माणसे मिळतात. सुधाकरला उपदेश मिळाला, भगीरथला जागा मिळाली. गडकऱ्यांचा हेतू काहीही असो, नाटकाने दोन रुग्ण शेजारी उभे केले आहेत आणि फरक मनोबलाचा नाही, हे दाखवून ठेवले आहे.

व्रतभंगाचा परिणाम

सुधाकरच्या त्या क्षणाला मानसशास्त्रात पुढे नाव मिळाले. अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठाचे अ‍ॅलन मार्लट यांनी ज्युडिथ गॉर्डन यांच्यासह १९८५ साली व्यसन उलटण्याच्या प्रक्रियेवर एक ग्रंथ संपादित केला. त्यात त्यांनी मांडलेल्या एका कल्पनेला मराठीत ‘व्रतभंगाचा परिणाम’ म्हणता येईल. ज्याने ‘आता कधीच नाही’ असा संपूर्ण निश्चय केलेला असतो, त्याच्या हातून एकदा चूक झाली की तो स्वतःला सांगतो, ‘सगळे संपले, मी असाच आहे.’ एका प्याल्याचे रूपांतर महिनाभराच्या पिण्यात होते ते दारूच्या रसायनापेक्षा या निष्कर्षामुळे. लाज आणि निराशा यांच्यावर माणसाला ठाऊक असलेले औषध एकच असते, आणि ते बाटलीत असते.

याचा अर्थ शपथ वाईट असा नाही. शपथ जितकी उंच, तितकी खाली पडल्यावर इजा मोठी, म्हणून खाली काहीतरी अंथरलेले हवे, एवढाच याचा अर्थ. आध्यात्मिक परंपरांनी ते अंथरले आहे का, हे आता पाहू.

माळ, कीर्तन आणि पंचशील

वारकऱ्याची तुळशीची माळ ही वरवर पाहता शपथच आहे. पण ती एकट्याने घेतलेली नसते. माळ गळ्यात दिसते, म्हणजे गावाला ठाऊक असते. एकादशीचा उपवास, आठवड्याचे भजन, वर्षाची वारी आणि दिंडीतली ठरलेली जागा यांमुळे शपथेला वेळापत्रक मिळते आणि माणसेही मिळतात. संध्याकाळी सात वाजता गुत्त्याकडे वळणाऱ्या पायांना त्याच वेळी टाळ-मृदंगाकडे वळवणे, ही सोय तत्त्वज्ञानापेक्षा कमी महत्त्वाची नाही. गाडगेबाबांच्या (१८७६–१९५६) कीर्तनाची रीतही लक्षात घेण्याजोगी आहे. ते दारूवर नुसते बोलत नसत. श्रोत्यांना साधे प्रश्न विचारत आणि उत्तरे त्यांच्याकडूनच वदवून घेत. निर्णय असा सगळ्यांच्या तोंडून, सगळ्यांच्या देखत होई.

दुसरी परंपरा १४ ऑक्टोबर १९५६ची. नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अनुयायांना दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे, आणि पंचशीलातले पाचवे शील मादक पदार्थांपासून दूर राहण्याचेच आहे. महाराष्ट्रातल्या बुद्धविहारांत हे शील आजही सामुदायिक वंदनेत म्हटले जाते. त्याच्या रचनेकडे पाहावे. ते कुणा देवाला दिलेले वचन नाही. ती स्वतःसाठी स्वीकारलेली शिकवण आहे आणि पुनःपुन्हा म्हणायची आहे. जे पुन्हा म्हणायचे असते, ते मोडले तरी पुन्हा सुरू करता येते. परतीच्या वाटेची शक्यता इथे शब्दरचनेतच आहे.

तरीही दोन्ही परंपरांच्या लोकव्यवहारात एक खोच राहते. माळ काढून ठेवणाऱ्याची गावात चर्चा होते, आणि तो मग भजनाला येणेच टाळतो. विहारातही ‘प्रतिज्ञा मोडलेला’ माणूस मागच्या रांगेतून हळूहळू दिसेनासा होतो. नेमकी ज्या दिवशी माणसांची सर्वांत जास्त गरज, त्या दिवशी लाज त्याला माणसांपासून तोडते. परंपरेत क्षमा आहे. परत येण्याची रीत मात्र ठरलेली नाही, ती स्थानिक माणसांच्या चांगुलपणावर सोडलेली आहे.

एका फोनची गोष्ट

परतीची रीत ठरवून देणारी चळवळ अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस म्हणजे ‘एए’. तिची जन्मकथा या संदर्भात पुन्हा वाचण्यासारखी आहे. शेअर बाजारात काम करणाऱ्या बिल यांना १९३४च्या डिसेंबरमध्ये इस्पितळात एक तीव्र आध्यात्मिक अनुभव आला आणि दारू सुटली. आपल्याकडची चरित्रे इथे संपली असती. पण पाच-सहा महिन्यांनी, १९३५ साली, ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन गावी धंद्यातले काम फसल्यावर हॉटेलच्या दालनात उभे असताना त्यांना बारमधले आवाज ऐकू आले आणि जुनी ओढ उसळली. तेव्हा त्यांनी प्रार्थनेवर भिस्त न ठेवता फोन उचलला आणि आपल्यासारखाच एखादा दारूत बुडालेला माणूस शोधून द्या, अशी चर्चच्या लोकांकडे विनंती केली. त्यातून डॉ. बॉब भेटले आणि ‘एए’ सुरू झाली. साक्षात्कार खरा असेलही, पण पहिल्या कठीण संध्याकाळी तो पुरला नाही. पुरला तो दुसरा दारुडा.

‘एए’च्या बारा पायऱ्यांमध्ये देवाचा उल्लेख वारंवार येतो आणि अकरावी पायरी प्रार्थना व ध्यानाची आहे. पण तो देव प्रत्येकाने आपल्या समजुतीप्रमाणे घ्यायचा आहे, अशी सवलत मूळ मजकुरातच आहे. भारतात १९५७ पासून ‘एए’चे काम आहे. इथल्या सभांत बसणारा नास्तिक किंवा बौद्ध सदस्य आपल्या गटालाच ‘उच्चशक्ती’ मानू शकतो. मला अधिक महत्त्वाची वाटते ती मोजणीची पद्धत. ‘फक्त आजचा दिवस’ एवढाच करार असतो. घसरलेला सदस्य पुढच्या सभेला येतो, पहिल्यापासून दिवस मोजू लागतो, आणि त्याला कुणी दारात अडवत नाही. सदस्य होण्याची अट पिणे थांबवण्याची इच्छा एवढीच आहे, थांबवलेले असण्याची नाही. सुधाकरला नेमका असा दरवाजा मिळाला नाही.

‘संभ्रम’ लिहिणाऱ्याचे मुक्तांगण

पुण्यात ही रीत रुजली ती येरवड्याला. अनिल अवचट यांनी ब्राउन शुगरच्या विळख्यात सापडलेल्या मुलांवर लिहिले, ते ‘गर्द’ या पुस्तकात आहे. त्या लेखनाने हललेल्या पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने २९ ऑगस्ट १९८६ रोजी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. त्याचा कणा होत्या मनोविकारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट. १९९७ साली त्या गेल्या, २०२२ साली अनिल अवचट गेले. आज ही धुरा त्यांची कन्या मुक्ता पुणतांबेकर वाहत आहेत.

समीक्षेच्या दृष्टीने इथे एक मोठी गंमत आहे. बुवाबाजी आणि अंधश्रद्धेवर ‘संभ्रम’सारखे पुस्तक लिहिणारा हा लेखक. त्यालाच मुक्तांगणातले रुग्ण ‘बाबा’ म्हणत. आणि त्या केंद्राच्या दिनक्रमात औषधोपचार, गटचर्चा व श्रमाबरोबर योग आणि ध्यानही होते. हा विरोधाभास वाटतो, पण ‘मुक्तांगणची गोष्ट’ वाचताना तो विरतो. अवचट या पुस्तकात अध्यात्म हा शब्द जवळपास टाळतात. ते सांगतात माणसांच्या गोष्टी. व्यसनातून बाहेर आलेली मुले तिथेच कार्यकर्ते होतात, नव्याने आलेल्यांच्या उशाशी बसतात. घसरून परत आलेल्याला पुन्हा दाखल करून घेतले जाते. ‘संभ्रम’मधला बुवा आणि मुक्तांगणातले ‘बाबा’ यांच्यातला फरक हाच आहे. बुवाकडे गुण आला नाही तर दोष भक्ताच्या श्रद्धेचा ठरतो. मुक्तांगणात गुण आला नाही तर पुन्हा प्रयत्न होतो.

अवचटांचे ‘छंदांविषयी’ हे पुस्तकही मी याच मालिकेत वाचतो. लाकूड कोरणे, ओरिगामी, बासरी यांत हरवून जाण्याविषयी ते जे लिहितात, ते सजगतेचे उत्तम मराठी वर्णन आहे. घडी घालताना बोटांकडे लक्ष, बिघडली तर कागद उलगडून पुन्हा सुरुवात. ‘माइंडफुलनेस’ हा शब्द न वापरताही ती गोष्ट सांगता येते, याचा तो दाखला.

मात्र अवचटांच्या गद्याची एक मर्यादाही नोंदवायला हवी. ते माणसावर इतके प्रेम करते की अपयशाच्या कहाण्या त्यात उजेडाकडे झुकतात. जो परत आलाच नाही, त्याच्याजवळ हे लेखन फार काळ थांबत नाही. ती बाजू पाहायची तर तुषार नातू यांचे ‘नशायात्रा’ हे आत्मकथन वाचावे. सुटणे आणि पुन्हा अडकणे यांची कंटाळा यावा इतकी पुनरावृत्ती, हेच त्याचे बळ आहे. वाचक जितका दमतो, तितके त्याला घरच्यांचे दमणे कळते.

लाटेकडे पाहणे

गेल्या दोन दशकांत ‘माइंडफुलनेस’ या शब्दाने मराठीत चांगलेच बस्तान बसवले आहे. कोथरूडमध्ये तर योगवर्ग, ध्यानवर्ग आणि सत्संग यांची पत्रके एकाच सूचनाफलकावर शेजारी लावलेली दिसतात. शब्द इंग्रजीतून आला, पण मूळ इथलेच. पालीतील ‘सती’ म्हणजे स्मृती. ऱ्हिस डेव्हिड्स यांनी १८८१ साली तिचे इंग्रजी भाषांतर केले. जॉन कबात-झिन यांनी १९७९ पासून अमेरिकेत वेदनाग्रस्त रुग्णांसाठी तिचा वैद्यकीय अवतार घडवला. व्यसनाच्या क्षेत्रात ती आणली मार्लट यांनीच. विपश्यनेचा त्यांनी अभ्यास केला. सत्यनारायण गोएंका यांच्या परंपरेतले, म्हणजे आपल्या इगतपुरीशी नाते असलेले दहा दिवसांचे शिबिर सिएटलजवळच्या एका तुरुंगात झाले, आणि त्याचा व्यसनावरचा परिणाम त्यांच्या गटाने २००६ साली प्रसिद्ध केला.

यातली मध्यवर्ती युक्ती साधी आहे. ओढ उसळली की तिच्याशी झुंजायचे नाही आणि तिच्या स्वाधीनही व्हायचे नाही. ती शरीरात कुठे जाणवते ते पाहायचे : घशाला कोरड, छातीत धडधड, हातांची चुळबुळ. लाट चढते, माथ्यावर येते आणि ओसरते. निग्रहाच्या जागी निरीक्षण आले की ‘मी हरलो’ या वाक्याची धारही बोथट होते. पाहणे चुकले तर पुन्हा पाहायचे, एवढेच. व्रतभंगाच्या परिणामावर हे अगदी नेमके औषध आहे.

पुरावा काय सांगतो? २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या २८६ जणांच्या चाचणीत, वर्षभरानंतर सजगतेवर आधारलेल्या गटाची स्थिती इतर दोन गटांपेक्षा बरी होती. पण २०२१च्या कॉक्रेन आढाव्याने अशा ४० चाचण्या तपासल्या, तेव्हा परिणामांविषयीची खात्री कमी किंवा अगदीच कमी ठरली. उलट ‘एए’ आणि तिच्यावर आधारलेल्या उपचारांविषयीचा २०२०चा कॉक्रेन आढावा, ज्यात २७ अभ्यास आणि १०,५६५ सहभागी होते, दारूपासून पूर्ण दूर राहण्याच्या बाबतीत बराच अनुकूल निघाला. माझे वाचन असे : निरीक्षणाची युक्ती खरी आहे, पण ती एकट्याने पेलणे कठीण आहे. ‘सती’ मूळ परंपरेत एकटी नव्हती. तिच्या एका बाजूला शील होते, दुसऱ्या बाजूला संघ. आजच्या मराठी सजगता-लेखनातून या दोन्ही गोष्टी गळाल्या आहेत. उरला तो डोळे मिटून बसलेला एकटा माणूस आणि त्याचा मोबाइल. त्याचे ध्यान मोडले तर त्याला फोन कोण करणार?

आणखी एक गोष्ट स्पष्ट म्हटली पाहिजे. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू अचानक थांबवली तर कंप, झटके आणि भास होऊ शकतात, आणि वेळीच उपचार न झाल्यास जीवही जाऊ शकतो. त्या दिवसांत डॉक्टर आणि औषधे हवीत. ध्यान, नामस्मरण किंवा शिबिर हा त्याला पर्याय नाही. जो आध्यात्मिक मार्ग औषध सोडायला सांगतो, तो या लेखाच्या कसोटीवर पहिल्याच पायरीला बाद होतो.

सिंधूचा प्रश्न

परतीची वाट मोकळी हवी, हे म्हणताना एक प्रश्न टाळता येत नाही. ही वाट कुणाच्या अंगणातून जाते? नाटकात सुधाकर प्रत्येक वेळी सिंधूकडेच परततो. शेवटी त्याच्याच हातून जखमी होऊन मरताना ती पोलिसांपुढे खोटे बोलून त्याला वाचवू पाहते. तिच्या या सहनशीलतेवर पिढ्यान्‌पिढ्या प्रेक्षक रडले. आपल्या अध्यात्माने ‘सोसण्या’ला जी प्रतिष्ठा दिली आहे, तिचा तो कळस आहे. पतीच्या व्यसनमुक्तीसाठी पत्नीने उपवास करावा, शांत राहावे, प्रतिक्रिया देऊ नये, हा सल्ला पूर्वी व्रतांच्या भाषेत मिळे. आता तो सजगतेच्या भाषेत मिळू लागला आहे. शब्द बदलले, ओझे तिथेच राहिले.

याला उत्तर म्हणूनही काही घडलेले आहे. बिल यांच्या पत्नी लोइस यांनी १९५१ साली कुटुंबीयांसाठी ‘अल-अनॉन’ सुरू केले. मुक्तांगणात पत्नींसाठी ‘सहचरी’ गट आहे, आणि व्यसनी स्त्रियांसाठी ‘निशिगंध’ आहे. घसरलेल्या माणसाला परत घेणारी जागा घराबाहेरही असली, तर त्याच्या परतण्याची किंमत एकट्या सिंधूला मोजावी लागत नाही. दार उघडायचे की नाही, हे ठरवण्याचा अधिकार तिच्याकडे राहतो. अध्यात्म परतणाऱ्याला वाट देते की नाही, ही कसोटीची एक बाजू. ती वाट दुसऱ्याच्या अंगावरून जात नाही ना, ही दुसरी.

मराठीत व्यसनी पुरुषाची नाटके आहेत, रिपोर्ताज आहेत, आत्मकथने आहेत. ‘सहचरी’त बसणाऱ्या बाईने स्वतःच्या हाताने लिहिलेले, नवरा चौथ्यांदा घसरल्यानंतरच्या सकाळचे पुस्तक माझ्या वाचनात अजून आलेले नाही. शंभर वर्षे सिंधूविषयी आपण बोलतो आहोत. तिने त्या सकाळी काय पाहिले, हे तिच्याकडून ऐकल्याखेरीज हा अभ्यास अर्धाच राहील.